वाळूवरची बग्गी आणि कारागिराचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा. मोटारींशी आमचा संबंध गाठी ट्रान्सपोर्टला चढवण्यापुरताच. पण गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी आमचा भाचा मालेगावच्या दुकानावर आला आणि त्याने गाडीचाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला. आग्रा रोडवर त्याचे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, शटर, जिन्याचे कठडे ही त्याची रोजची कामे. नाशिककडचे एक गृहस्थ त्याच्याकडे आले होते. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची मोठी शेती आहे. घरची चार माणसे बसतील अशी हलकी, उघडी गाडी त्यांना बनवून हवी होती. रोज शेतात फिरायचे आणि सुटीला मुलाबाळांसह डोंगरवाटांनी जायचे, असा त्यांचा बेत. अशा गाडीला बग्गी म्हणतात.

"मामू, पाइप वाकवणे, जोडणे मला येते. जुने इंजिनही मिळते. काम घेऊ का?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "बेटा, हात तुझा तयार आहे, यात शंका नाही. पण ज्याने या कामाचा मोठा धंदा केला, त्याला काय मिळाले आणि त्याचे काय गेले, ते आधी पाहू."

ती हकीकत आमच्या कारागीर भावांच्याही उपयोगाची वाटली, म्हणून येथे देत आहोत.

नावा बांधणाऱ्याची गाडी

ब्रूस मेयर्स हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा माणूस. जन्म १९२६ चा. दुसऱ्या महायुद्धात तो आरमारात होता. पुढे फायबरग्लासच्या नावा बांधण्याचे काम शिकला. त्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या आहेत आणि तेथे गाड्या पळवण्याचा शौक लोकांना होता. जुन्या मोटारीचे पत्रे काढून टाकायचे, सांगाडा वेल्ड करायचा आणि निघायचे. या गाड्या ओबडधोबड असत आणि बऱ्याच जड असत. मेयर्सने १९६४ मध्ये नावेचे हुनर गाडीला लावले आणि फायबरग्लासची लाल बग्गी तयार केली. तिला पुढे 'ओल्ड रेड' हे नाव पडले. अशा गाड्यांना त्याने 'मेयर्स मँक्स' म्हटले.

आतील यंत्र फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचे. ही निवड विचारपूर्वक होती. बीटलचे इंजिन मागे असते, म्हणून ओढणाऱ्या मागच्या चाकांवर वजन पडते आणि वाळूत पकड मिळते. इंजिन हवेने थंड होते. रेडिएटरच नाही, तर उन्हात पाणी उकळणार कोठून? तिसरी गोष्ट, बीटलचा वरचा सांगाडा खालच्या सपाट तळाला बोल्टने जोडलेला असतो. बोल्ट काढले की तळ, चाके, इंजिन आणि स्टिअरिंग एका जागी हाती येते.

पहिल्या १२ गाड्यांत मात्र मेयर्सने बीटलचा तळ वापरला नव्हता. सारा भार फायबरग्लासच्याच अंगावर घेतला होता. काम सुंदर होते, पण फार महाग पडे आणि जोडायलाही अवघड जाई. तेव्हा त्याने आपला आवडता नमुना बाजूला ठेवला. बीटलचाच तळ घ्यायचा, तो मधून साडेचौदा इंच कापून पुन्हा जोडायचा आणि वर आपले फायबरग्लासचे अंग बसवायचे, असे ठरवले. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर साडेचौऱ्याण्णव इंचांवरून ८० इंचांवर आले. गाडी आखूड झाल्याने लहान जागेत वळू लागली आणि उंचवट्यावर तिचे पोट अडकेनासे झाले. तळ कापला की गिअरचा दांडा आणि तारांची लांबीही त्याच मापाने कमी करावी लागते. जोड तिरका गेला तर गाडी सरळ चालत नाही. हे काम ग्राहकाने घरी किंवा जवळच्या वर्कशॉपमध्ये करायचे. मेयर्स अंग आणि जोडसामान विकणार. गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडावे म्हणून त्याने आपल्याच हातचा माल बदलला. दुकानदारीतली ही मोठी गोष्ट आहे.

एप्रिल १९६७ मध्ये मेयर्स आणि त्याचा साथीदार टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खडकाळ वाटांवर ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापले. मोटारसायकलच्या जुन्या विक्रमापेक्षा हा वेळ सुमारे पाच तासांनी कमी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वाटेवर रीतसर शर्यत झाली आणि तीही मेयर्स मँक्सनेच जिंकली. मग काय विचारता! ऑर्डरींचा पाऊस पडला.

नकल

आणि येथेच घात झाला. फायबरग्लासचे अंग साच्यातून निघते. कोणीही एक नग विकत घ्यावा, त्याच्यावरूनच नवा साचा काढावा आणि महिन्याभरात तोच माल कमी भावात विकावा. नक्षीचा खर्च त्याला नाही, पहिल्या १२ गाड्यांचा तोटा त्याला नाही. मेयर्सने पेटंट घेतले होते. तो न्यायालयात गेला, पण पेटंट तेथे टिकले नाही. १९७० मध्ये त्याने कंपनी सोडली आणि १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. त्याच्या कारखान्यातून सुमारे ६,००० संच निघाले होते. जगभर झालेल्या नकला मात्र अडीच लाखांच्या घरात असाव्यात, असा अंदाज सांगितला जातो.

हे वाचताना आम्हाला आमचाच प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी एका उस्तादाकडून आम्ही साडीच्या काठाची नक्षी बनवून घेतली. तीन महिने गेले, पत्ते छिद्रायचा खर्च झाला. माल बाजारात आला आणि दीड महिन्याच्या आत तोच काठ हलक्या सुतात, मीटरमागे कमी भावाने दुसऱ्या दुकानांत लटकत होता. आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नोंदणी केली होती का?" केली नव्हती.

वाचक बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या देशात डिझाइन कायदा २००० आहे. नक्षी असो की वस्तूचा आकार, त्याची नोंदणी करता येते आणि संरक्षण १० वर्षे मिळते, पुढे ५ वर्षे वाढवता येते. मात्र अर्ज माल लोकांना दाखवण्याआधी करावा लागतो. बाजारात दाखवलेली नक्षी कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. नोंदणी न करता त्या नक्षीचा माल यंत्रावर ५० नगांहून जास्त काढला, तर कॉपीराइटचा आधारही जातो. आम्ही हे नुकसान सोसल्यावर शिकलो.

भाच्याला काय सांगितले

भाच्याच्या कामात आणखी एक अडचण होती. मेयर्सच्या देशात घरी बनवलेली गाडी नोंदवून रस्त्यावर आणण्याची सोय होती. आपल्याकडे तसे नाही. नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी नेता येत नाही. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. बनवणाऱ्या-विकणाऱ्या व्यापाऱ्याला गाडीमागे १ लाखापर्यंत.

म्हणून आम्ही सांगितले, "गाडी त्यांच्या कुंपणाच्या आतच फिरेल, असे लेखी घे. इंजिन बिलासह घे. लहान मुले बसणार आहेत, तेव्हा डोक्यावरच्या पिंजऱ्यात पाण्याचा जीआय पाइप लावू नकोस. सीमलेस पाइप घे, पिंजरा बसणाऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच ठेव, तिरप्या आधाराशिवाय सोडू नकोस. चारही जागांना पट्टे हवेत."

आमच्याच आग्रा रोडने वर गेले की इंदूरजवळ पिथमपूर लागते. तेथे २००७ पासून इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' ही बग्गी बनवण्याची स्पर्धा सुरू झाली. नाव त्याच बाहा कॅलिफोर्नियावरून आलेले. पिंजऱ्याचा पाइप कोणता आणि त्याची जाडी किती, हे त्या स्पर्धेच्या नियमांत बांधून दिलेले असते. ते नियम मागवून वाच, असेही आम्ही सांगितले.

भाच्याने गृहस्थांना सारे खरे सांगितले. डोंगरवाटा वगळल्याचे ऐकून ते नाराज होऊन गेले. भाचाही दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही. त्याचा हप्ता थकला होता. पंधरा दिवसांनी गृहस्थ परत आले. म्हणाले, "डोंगरात आमची जीप आहेच. शेतापुरती बनवा. दुसऱ्या दोघांनी वाटेल तिथे चालवा म्हणून सांगितले, म्हणूनच तुमच्याकडे आलो."

गाडी तयार झाली. नफा बेताचाच झाला, कारण भाच्याने पाइप मोजला होता, घासायला आणि माप जुळवायला गेलेले दिवस मोजले नव्हते. आता त्याने वही केली आहे. कोणत्या जोडाला किती तास, किती रॉड, सारे लिहिलेले आहे. बसण्याची चौकट घडी करून मागे सामान ठेवता येईल, अशी एक युक्ती त्याने स्वतः काढली आहे. तिचा फोटो तो मोबाइलवरून सगळ्यांना पाठवणार होता. आम्ही त्याचा हात धरला आणि आधी वकिलाकडे पाठवला.

मेयर्स मोठ्या अंतराने, २००० साली, पुन्हा या धंद्यात उतरला. २०१४ मध्ये 'ओल्ड रेड'ची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय यादीत झाली. २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी तो वारला, तेव्हा नकल करणाऱ्यांची नावे कोणाला आठवत नव्हती, त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक होते. पण बंद पडलेल्या कारखान्याचे भाडे आणि मजुरी नावावर भागत नाही. नाव कमवावे, आणि नोंदणीचा अर्जही वेळेवर करावा.