‘अग्नी’चा हजेरीपट
सवाई गंधर्व महोत्सवाने ज्याच्या कानांवर संस्कार केले, त्या पुणे शहरात ‘अग्नी’ हा रॉक वाद्यवृंद उदयास आला आणि २००७ साली त्याचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. गायक मोहन कन्नन कर्नाटक संगीताच्या संस्कारातले, तर गिटारवादक कौस्तुभ ऊर्फ कोको ढवळे पाश्चात्त्य रॉकचे उपासक. ड्रम वाजविणारे सहकारी बदलत गेले, तथापि या उभयतांचा मुक्काम कायम राहिला. ‘साधो रे’मध्ये कबीराचे पद गिटारच्या घणाघातावर स्वार झाले, पुढे ‘आहटें’मध्ये तीच गिटार मवाळ होऊन प्रणयाच्या आर्जवास शरण गेली. पहिल्या गाण्याचा कैफ ज्यांच्या अंगी भिनला, त्यांस हा पालट रुचला नसेलही. आम्हांस मात्र कन्ननांच्या गळ्यातील गमक दोन्हीकडे बिनदिक्कत ओळखू येते.