दहावीनंतरची वाट आणि पालकांचा सल्ला

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि तोंडातली गोडी ओसरण्यापूर्वीच घरात एक प्रश्न येऊन बसतो : ‘आता पुढे काय?’ प्रश्न मुलाचा असतो. परंतु उत्तर देण्यासाठी सगळे घर सरसावते. काका विज्ञान सुचवतात, आत्या वाणिज्य सुचवते, आणि शेजाऱ्यांच्या मते ज्याला गुण अधिक त्याने विज्ञान घ्यावे, ज्याला कमी त्याने कला. या गदारोळात अकरावीच्या अर्जाची मुदत संपत येते. महाराष्ट्रात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होऊ लागले. त्या अर्जात महाविद्यालयांचे दहापर्यंत पसंतिक्रम भरता येतात. ती पसंती नेमकी कोणाची आहे, हे मात्र अर्जात विचारलेले नसते.

ही निवड पंधरा-सोळाव्या वर्षीच का करावी लागते, याला एक इतिहास आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) देशासाठी दहा अधिक दोन अधिक तीन वर्षांच्या शिक्षणाचा आकृतिबंध सुचवला. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तो स्वीकारला आणि पुढे एकेका राज्यात तो रुजत गेला. पहिली दहा वर्षे सर्वांना सारखेच शिक्षण द्यावे आणि त्यानंतर विद्यार्थ्याने आपापल्या वाटेने जावे, ही त्यामागची कल्पना. विज्ञान वर, वाणिज्य मध्ये आणि कला तळाशी, अशी उतरंड कोणत्याही आयोगाने रचलेली नाही. ती समाजाने रचली, आणि पालकांचे बरेचसे सल्ले अजूनही त्या उतरंडीवरूनच दिले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधील या भिंती उतरवण्याचा मानस व्यक्त केला आहे. तथापि पदवीच्या प्रवेशाच्या वेळी आजही बारावीला कोणते विषय घेतले होते, हेच पाहिले जाते.

म्हणून शाखेच्या नावापेक्षा विषयांकडे पाहणे अधिक हिताचे. एकेक विषय म्हणजे एकेका कुलपाची किल्ली होय. एमबीबीएसला जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. वास्तुशास्त्राच्या पदवीसाठी गणित लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. पण हवाई दल व नौदल यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यायची असेल, तर बारावीला गणित घेतलेले असावे लागते, ही गोष्ट कला किंवा वाणिज्य शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांना फार उशिरा कळते. याउलट पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला किंवा सनदी लेखापालाच्या परीक्षेला शाखेची अट नाही. गणित सोडणे हा या वयातला सर्वांत महाग निर्णय ठरू शकतो. तो गणिताच्या भीतीपोटी घेतला जात असेल, तर त्यावर घरात एकदा शांतपणे बोलणे झालेच पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक अडचण येते. प्रत्येक राज्याची परिभाषा वेगळी असते. गुजरातच्या विज्ञान शाखेत ‘ए’ गट म्हणजे गणिताचा आणि ‘बी’ गट म्हणजे जीवशास्त्राचा. कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात आणि विषयांच्या संचांना त्यांच्या आद्याक्षरांवरून नावे असतात. गावाकडच्या नातेवाइकाने दिलेला सल्ला सुरतेत किंवा बेळगावात जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील बहुतेक जागा त्या त्या राज्याच्या कोट्यातल्या असतात, आणि महाराष्ट्राच्या कोट्यासाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. त्यामुळे बारावी कोठून करायची, हा प्रश्न राहण्याच्या सोयीपुरता उरत नाही.

‘आधी विज्ञान घे, पुढचे पुढे पाहू,’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. विज्ञानाकडून कला किंवा वाणिज्याच्या पदवीकडे वळता येते. उलट दिशेने जाणे अवघड असते. परंतु हे अर्धेच सत्य आहे. ज्या मुलाला प्रयोगशाळेत गोडी नाही, तो दोन वर्षे कशीबशी काढतो, बारावीला काठावर उत्तीर्ण होतो आणि त्या तुटपुंज्या गुणांवर त्याला हव्या त्या कला महाविद्यालयातही प्रवेश मिळत नाही. दरवाजा उघडा राहिला खरा, पण आत शिरण्याइतके बळ उरले नाही, अशी त्याची स्थिती होते.

वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत तर आकडेच बोलके आहेत. २०२४ मध्ये ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी दिली आणि त्या वर्षी देशात एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १० हजार होत्या. म्हणजे वीस जणांमागे एकाला जागा. त्यांतही शासकीय महाविद्यालयांतील, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या जागा साधारण निम्म्याच. हे गणित मुलाला घाबरवण्यासाठी मांडायचे नाही. उरलेल्या एकोणिसांनी काय करायचे, याचा विचार आधीच व्हावा म्हणून मांडायचे आहे. त्याच विषयांवर परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार, कृषी असे कितीतरी अभ्यासक्रम उघडतात. ‘डॉक्टर नाही तर काहीच नाही’ असे ज्या घरात बोलले जाते, तेथे ही नावे उच्चारलीच जात नाहीत. लातूर, नांदेड किंवा राजस्थानातील कोटा येथे शिकवणीसाठी मूल पाठवताना पालक शेतीचा तुकडा गहाण ठेवतात आणि त्या कर्जाचे ओझे मुलाच्या दप्तरात जाऊन बसते. कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी देश हळहळला. शिकवणी वर्गांनी सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांद्वारे सांगितले. घरातल्या अपेक्षांसाठी मात्र कोणतेही शासन नियम करू शकत नाही.

मग मुलाला दिशा द्यायचीच नाही की काय? तसे मुळीच नाही. दिशा देण्याची एक वेगळी रीत ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या बालपणात दिसते. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि हे मराठी कुटुंब वाराणसीत राहत असे. वडिलांनी मुलांसाठी घरातच फळे लावून दिले होते. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा भाच्याची गणितातली गोडी त्यांच्या ध्यानात आली. ते फळ्यावर एखादे अवघड कोडे ‘जयंतसाठी आव्हान’ म्हणून लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत कोडे फळ्यावरच राही. आधी गोडी दिसली, मग तिला खाद्य मिळाले. हा क्रम उलटा झाला, की त्याच फळ्याचा धाक होतो.

प्रत्येक घरी गणिताचा प्राध्यापक नसतो. असंख्य घरांत आईवडिलांनी स्वतः दहावीही केलेली नसते. ‘आम्ही अडाणी, आम्हांला काय कळते? मास्तर म्हणतील ते कर,’ असे म्हणून ते बाजूला होतात. येथेच मुलाचे मोठे नुकसान होते. शिक्षकाला मुलाचे गुण ठाऊक असतात. पण कोणत्या कामात ते तहानभूक विसरते आणि कोणत्या कामाचा त्याला कंटाळा येतो, हे आईला ठाऊक असते. बिघडलेला पंखा उघडून बसणारा मुलगा, आजीच्या औषधांच्या वेळा न सांगता पाळणारी मुलगी, दुकानाच्या वहीतली चूक एका नजरेत पकडणारा धाकटा : या खुणा गुणपत्रिकेत उमटत नाहीत. दुसरे असे, की न शिकलेल्या माणसाला आपली निवड समजावून सांगता येणे, ही निवडीची फार चांगली कसोटी आहे. ‘ते शिकून रोज सकाळी उठून नेमके काय काम करायचे?’ असे एखाद्या भाजीविक्रेत्या आईने विचारले, तर भल्याभल्या मुलांना उत्तर देता येत नाही. उत्तर येत नसेल, तर ते शोधायला पाठवावे. गावातल्या रुग्णालयातील परिचारिकेला तिच्या रात्रपाळीविषयी विचारावे, कारखान्यातल्या फिटरला त्याच्या कामाविषयी विचारावे, बँकेतल्या कारकुनाशी बोलावे. अशा दोन-चार भेटींतून जे कळते, ते जाडजूड माहितीपुस्तिकेतून कळत नाही.

या चौकशीत आणखी एक वाट दिसेल. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, विजतंत्री किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. या वाटेला कमीपणाचे मानण्याची रूढी आहे. तीच पदवी, हाताला कसब आणि वाटेत कमाईची सोय असताना तिला कमी का लेखावे, याचे पटणारे कारण कोणी देत नाही.

मुलींच्या बाबतीत निवडीचा निकष पुष्कळदा विषय नसतो, अंतर असते. जवळच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही म्हणून कला. वसतिगृहात ठेवायचे नाही म्हणून पदविका नको. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. मात्र तिच्यापायी विषय बदलण्यापूर्वी बसच्या वेळा, सवलतीचा पास, शासकीय वसतिगृह यांची चौकशी करावी. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. ‘एवढा पैसा मुलीवर कशाला’ या जुन्या वाक्याला हे एक उत्तर आहे. पण ते ठाऊक असलेले पालक थोडेच.

पैशाविषयी मुलाशी मोकळेपणाने बोलण्याचा संकोच बाळगू नये. पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून हिशेब करणे ही नेहमीची चूक. अभ्यासक्रमाची सगळी वर्षे, खानावळ, प्रवास, पुस्तके असा सगळा खर्च एका कागदावर लिहिला, की काय झेपेल आणि कशासाठी कर्ज काढावे लागेल, ते दिसते. ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. कागदपत्रांचे काम तर निकालाच्या कितीतरी आधी सुरू व्हावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्रही. शेवटच्याला काही महिने लागू शकतात. चांगले गुण मिळवूनही एका दाखल्यापायी जागा हुकलेली मुले दर वर्षी दिसतात. आणि हे काम असे आहे, की त्याला गणित यावे लागत नाही. चिकाटी लागते आणि कचेरीची पायरी चढण्याची तयारी लागते.

एवढे करूनही निवड चुकू शकते. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय अखेरपर्यंत टिकेलच, अशी हमी कोणाला देता येत नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ मध्ये तो व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. सर्वांनाच असे धाडस परवडत नाही, म्हणून मागे वळण्याचे मार्ग माहीत असावेत. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन झालेल्या आणि २००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत उच्च माध्यमिक स्तरावर शाखांची बंदिस्त चौकट नाही. एक भाषा आणि चार विषय घ्यायचे. भौतिकशास्त्राबरोबर चित्रकलाही चालते. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. बारावी झालेल्याला सोडून दिलेला विषय अंशतः प्रवेश घेऊन नव्याने करता येतो. मात्र पुढच्या महाविद्यालयाला तो चालेल का, हे आधी पाहून घ्यावे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’पासून दूर ठेवणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवली.

प्रवेशासाठी येथे किमान वय पाहिले जाते, कमाल वयाची अट नाही. त्यामुळे मुलीच्या अकरावीच्या अर्जाबरोबर आईचाही दहावीचा अर्ज भरला गेला, अशी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. जेवणे आटोपली, की एकाच दिव्याखाली दोघींच्या वह्या उघडतात. मुलगी आईला वर्गसमीकरण सोडवून दाखवते, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीतल्या कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, ते आई मुलीला सांगते.