विश्लेषण : ‘रिकॉल’ झालेली गाडी तुमची तर नाही?

मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये ‘एस-प्रेसो’ आणि ‘इको’ या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. तुळजापूरचे भाविक असोत की लग्नाचे वऱ्हाड, ‘इको’सारख्या गाड्या धाराशिव जिल्ह्यातही नित्याच्या. त्यातील अनेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती असतात. त्यामुळे ‘रिकॉल’ म्हणजे काय, हे समजून घेणे गरजेचे.

दोष काय होता?

५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या स्टेअरिंगच्या टाय रॉडमधील एका भागात दोष असण्याची शक्यता होती. टाय रॉड स्टेअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवतो. तो क्वचित प्रसंगी तुटू शकतो आणि गाडी वळवणे, सांभाळणे कठीण होऊ शकते, असे कंपनीने कळवले. सोलापूर-धुळे महामार्गावर भरधाव गाडीत असे घडले तर सावरायला वेळ मिळत नाही. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने एअरबॅग कंट्रोलरच्या संशयित दोषामुळे १७,३६२ गाड्या बोलावल्या होत्या.

खर्च कोणाचा?

कंपनीचा. तपासणी आणि दोषी भाग बदलून देणे मोफत असते. वॉरंटी संपली म्हणून पैसे मागता येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. त्यानुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ते सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहेत. सरकारच्या आदेशावरून रिकॉल झाल्यास कंपनीला १० लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकांना परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते. तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचल्या की चौकशी सुरू होते.

निरोप का पोहोचत नाही?

कंपनीकडे बहुधा पहिल्या मालकाचा पत्ता आणि मोबाइल असतो. गाडी बाजारातून किंवा ओळखीत विकली गेली, ‘नाव ट्रान्सफर’ रखडले, सर्व्हिसिंग गावच्या गॅरेजमध्येच होऊ लागले, की फोन जुन्या मालकाला जातो आणि गाडी तशीच धावत राहते.

मालकाने काय करावे?

आरसीवरील १७ अक्षर-अंकी चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगावा. गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही, ते लगेच कळते. रिकॉल गाडीच्या चेसिस क्रमांकाला लागू असतो, मालकाच्या नावाला नाही. म्हणून दुसऱ्या मालकालाही तोच हक्क आहे. काम झाल्यावर जॉब कार्डची प्रत जपून ठेवावी. जुनी गाडी घेताना विमा, पीयूसी पाहतो तसा हा क्रमांकही तपासावा, तोही इसार देण्यापूर्वी.