विश्लेषण : तीन आठवड्यांत दोन लाख सायगा मेले, तरी हा प्राणी परतला कसा?

मे २०१५. मध्य कझाकस्तानच्या गवताळ माळरानावर सायगांचे कळप विणीसाठी जमले होते. अचानक माद्या कोसळू लागल्या. लक्षणे दिसल्यावर काही तासांतच त्या मरत, पाठोपाठ त्यांची पिल्लेही. जेमतेम तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा मेले. त्या वेळी जगात असलेल्या सायगांपैकी हे निम्म्याहून अधिक. आज त्याच देशात ‘सायगा फार झाले’ अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे.

सायगा म्हणजे नेमके काय?

आपल्या काळवीट, चिंकाऱ्याच्या गोतावळ्यातलाच हा प्राणी. आकार शेळीएवढा. ओळखू येतो तो नाकामुळे. छोट्या सोंडेसारखे हे नाक खाली लोंबते, काहीसे विचित्रच दिसते. पण ते कामाचे आहे. उन्हाळ्यात कळप धावताना उडणारी धूळ त्यात अडकते आणि हिवाळ्यात बर्फाळ हवा फुप्फुसांत जाण्याआधी उबदार होते.

मारेकरी कोण?

‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ हा जिवाणू. त्याने होणारा आजार आपल्या पशुपालकांना चांगलाच ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना ज्याची लस टोचतात, तो घटसर्प. हा जिवाणू निरोगी सायगांच्या घशातही निरुपद्रवीपणे राहतो. मृत्युसत्राच्या आधीच्या दिवसांत तिथली हवा नेहमीपेक्षा उष्ण आणि दमट होती, असे संशोधकांना हवामानाच्या नोंदींत आढळले. १९८१ आणि १९८८ मध्येही अशीच मोठी मर झाली होती.

मग संख्या वाढली कशी?

सायगाची मादी पहिल्या वर्षीच गाभण राहू शकते आणि बहुतेकदा जुळी पिल्ले देते. खरा अडथळा होता तो शिकारीचा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मांसासाठी आणि शिंगांसाठी बेसुमार कत्तल झाली. शिंगे फक्त नरांनाच, आणि चिनी पारंपरिक औषधांत त्यांना मोठी मागणी. त्यामुळे नरच संपत गेले आणि वीण थंडावली. कझाकस्तानने शिकारबंदी, गस्ती पथके आणि राखीव क्षेत्रे यांवर भर दिला. २००५ च्या सुमारास तिथे ४० हजारांच्या आसपास सायगा उरले होते. २०२४ च्या गणनेत २८ लाखांहून अधिक आढळले. २०२३ च्या अखेरीस जागतिक लाल यादीत हा प्राणी ‘अतिधोक्यात’ या वर्गातून थेट ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात आला. इतकी मोठी उडी क्वचितच दिसते.

आता वाद कशाचा?

कळप पिके तुडवतात, गुरांचा चारा आणि पाणवठे संपवतात, असे शेतकरी सांगतात. त्यात तथ्य आहे. सरकारने मर्यादित संख्येने सायगा मारण्याचा मार्ग धरला, त्यावर लोकांतून टीकाही झाली. अडचण अशी, की घटसर्पाची लस गोठ्यातल्या गाईला टोचता येते, माळरानावरच्या लाखो सायगांना नाही. आणि दर मे महिन्यात हजारो माद्या विणीसाठी आजही एकाच ठिकाणी दाटीने जमतात.