उंदराच्या धमन्यांतला मेद

आपल्या जाफराबादेत विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जाते. पाटात गाळ साचला, की टोकाचा वाफा सुकतो. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमन्यांचेही तसेच. फक्त इथला गाळ, म्हणजे मेद, नळीच्या भिंतीत मुरतो.

जेवणातल्या तेलातुपाचा मेद रक्तात उतरतो. तो फोडून अंगी लावणारे द्रव्य देहातच असते. त्याला विकर म्हणतात.

हे विकर जन्मतः नसलेले उंदीर चीनमधील शास्त्रज्ञांनी जपून वाढवले. खाणे साधेच दिले. तरी रक्त मेदाने भरले. तरुणपणी धमन्या साफ होत्या. १५ महिन्यांनंतर, म्हणजे उंदराच्या उतारवयात, त्यांत मेदाचे थर सापडले. हे २००८ साली छापून आले.

क्वचित एखाद्या लेकरालाही हे विकर नसते. त्याचे पोट वारंवार दुखते. आपण नजर उतरवीत बसतो! त्यापेक्षा दवाखान्यात रक्त तपासावे. ते दुधाळ दिसले, तर डॉक्टर तेलतूप अगदी कमी करायला सांगतात.