कॉलेजात शिकून कमावणाऱ्या मुलाने रिटर्न भरावे काय?



शेतकऱ्याचा आणि इन्कमटॅक्सचा संबंध काय, असे आपण आजवर म्हणत आलो, आणि ते बरेचसे खरेही आहे. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून वगळलेले आहे. त्यावर कर बसविण्याचा अधिकार घटनेने राज्यांकडे ठेवला आहे. पण आपल्या घरची मुले आता नुसत्या शेतीवर राहिलेली नाहीत. पाचोऱ्याच्या एम. एम. कॉलेजात सकाळी तास करायचे आणि दुपारून मेडिकलच्या नाहीतर कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसायचे, असा अनेकांचा क्रम आहे. कोणी रेल्वेने जळगावला अपडाऊन करतो, कोणी गळीत हंगामात स्लिपबॉय म्हणून उसाच्या फडात फिरतो, तर कोणी घरी बसून संगणकावर पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम करतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेथेही मुले कमवीत आणि शिकत. त्या मुलांना पॅनकार्ड ठाऊक नव्हते. आज काम देण्याआधी कंपनी पॅन मागते, आणि मग घरी विचारणा होते की भाऊ, आपल्या पोराले रिटर्न भरावे लागते का?

चौकात याची दोन उत्तरे मिळतात. एक, विद्यार्थ्याला टॅक्स नसतो. दुसरे, बारा लाखांपर्यंत माफ आहे, सोडून द्या. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत.

आयकर कायद्यात विद्यार्थी म्हणून वेगळी सूट नाही. कायदा वय किंवा हजेरीपट पाहत नाही, उत्पन्न पाहतो. वर्षाचे उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेले की रिटर्न सक्तीचे होते. नव्या कररचनेत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ही मर्यादा ४ लाख रुपये आहे. त्याआधीच्या २०२४-२५ साठी ती ३ लाख होती. जुनी रचना पत्करली तर अडीच लाख. बारा लाखांची जी गोष्ट आहे ती कराची सवलत आहे, रिटर्नची नव्हे. येथेच बहुतेकांची गफलत होते.

हिशेब करून पाहू. हंगामात पाच महिने, समजा, १५ हजारांप्रमाणे काम केलेल्या मुलाचे ७५ हजार झाले. दुसरे उत्पन्न नसेल तर रिटर्नची सक्ती नाही. दुसऱ्या मुलास कंपनीत महिना ४० हजार पगार आहे. वर्षाचे ४ लाख ८० हजार झाले. पगारदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता ४ लाख ५ हजार उरले. त्याला कर शून्य, पण रिटर्न भरणे भाग. मुदत चुकली तर एक रुपयाही कर नसताना १ हजार रुपये विलंब शुल्क पडते. (अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या आपल्या मुलांना तर एका डॉलरची कमाई नसली तरी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म द्यावा लागतो, तेव्हा आपल्याकडचे बरे म्हणायचे.)

सक्ती नसतानाही रिटर्न भरण्यातच फायदा आहे अशी एक जागा आहे, आणि आमच्या मते आपल्या मुलांचे पैसे तिथेच जास्त बुडतात. कंपनीने पगाराऐवजी व्यावसायिक फी म्हणून २०२५-२६ मध्ये ९० हजार रुपये दिले असतील, तर १० टक्क्यांप्रमाणे ९ हजार आधीच कापून सरकारजमा झाले. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के, म्हणजे १८ हजार. मुलगा म्हणतो, कापले ते गेले. तसे नाही. ते पैसे त्याचे आहेत, पण रिटर्न भरून मागितल्याशिवाय परत येत नाहीत. वर्षाची कपात २५ हजार किंवा अधिक असेल तर उत्पन्न कमी असले तरी रिटर्न सक्तीचेच आहे.

आता उत्पन्नात काय धरायचे? बापाने खर्चाला पाठविलेले पैसे धरायचे नाहीत. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्तीही नाही. मात्र काम करून मिळणारा स्टायपेंड बहुधा पगारातच मोडतो. मुलाच्या नावे जमीन असेल तर तिचे ऊसबिल शेतीचे उत्पन्न, त्यावर थेट कर नाही. पण तेच बिल मुदतठेवीत टाकले की त्याचे व्याज शेतीचे राहत नाही. दुधाचे पैसेही आयकर खाते शेतीचे मानत नाही, हे पुष्कळांना पटत नाही, पण आहे तसे आहे. नोकरी करणाऱ्या मुलाचे शेती-उत्पन्न ५ हजारांवर असेल तर त्याला साधा पहिल्या क्रमांकाचा फॉर्म चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आयकर खात्याचे नाव काढले की आपल्याकडे धसका बसतो, आणि तो उगाच नाही. उसाला दिलेला जादा दर खर्च की नफावाटप, या वादात सहकारी साखर कारखाने वर्षानुवर्षे अडकले होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या देण्यांबाबत सवलत मिळाली, ती सुमारे १० हजार कोटींची. घरगुती धसका वेगळा आहे. पोराने रिटर्न भरले तर पी. एम. किसान बंद होईल, बायकोची लाडकी बहीण जाईल, पुढची कर्जमाफी हुकेल. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत शेतीबाह्य उत्पन्नावर आयकर भरणाऱ्यांना वगळले होते, हे लोक विसरलेले नाहीत.

पण शब्द नीट वाचा. पी. एम. किसानमध्ये अपात्र ठरतो तो मागील निर्धारण वर्षात कर भरलेला. आणि त्या योजनेचे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. सज्ञान मुलाच्या शून्य कराच्या रिटर्नमुळे बापाचे वर्षाचे ६ हजार जाण्याचे कारण नाही. लाडकी बहीण योजनेत मात्र जपून पाहावे. तिथे अविवाहित मुले कुटुंबात धरतात, घरात आयकरदाता असल्यास लाभ नाही, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे मुलाची कमाई तिथे मोजली जाते, रिटर्न भरा वा न भरा. रिटर्न दडविले म्हणून कमाई दडत नाही. कपात झालेली रक्कम पॅनवर आधीच नोंदलेली असते.

भरण्याचे काम अवघड नाही, नि फुकट आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर मुलाने आधी २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण पाहावे, म्हणजे कोणी किती दिले, किती कापले ते दिसते. पगार असेल तर मालकाकडून फॉर्म १६ मागून घ्यावा. पगारदाराची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. आयकर कायदा २०२५ लागू होतो तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास. त्याआधीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा. बँक खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे आणि पॅनशी जोडलेले असावे, बापाच्या खात्यावर परतावा येत नाही. आणि रिटर्न पाठविल्यापासून ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करावी. ती राहिली तर रिटर्न भरलेच नाही असे धरतात.