शाळेचे आकडे आणि शाळेची माणसे

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या उतारूंना ओहोटी म्हणजे काय हे सांगावयास नको. बंदरात गाळ साचलेला. पाणी फार उतरले की लाँच धक्क्याला लागणे कठीण होते आणि माणसे खोळंबून बसतात. म्हणून येथला माणूस घरून निघताना भरतीची वेळ पाहतो. तांडेलही खाली पाणी किती वाव आहे याचा अदमास घेतल्याखेरीज होडी पुढे काढीत नाही. समुद्राच्या बाबतीत मोजमाप आपल्या अंगवळणी पडले आहे. शाळेच्या बाबतीत मात्र ‘मास्तर चांगले आहेत’, ‘हल्ली पोरे वाचीत नाहीत’ असल्या मोघम बोलण्यावर आपण भागवतो. हे बदलावे कसे, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

आधी मोजणी आणि मग उपाय, ही रीत आपल्याकडे नवी नाही. नामदार गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत येत असतील तेथेच सक्ती लागू करावी, अशी अट त्यात होती. ते विधेयक नामंजूर झाले. पण त्यामागची शिस्त विसरण्याजोगी नाही.

आज आकड्यांचा तुटवडा मुळीच नाही. 2012-13 पासून देशातील शाळांची माहिती ‘यू-डायस’ या एकाच पद्धतीने गोळा होते. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक आहे. पटावर मुले किती, शिक्षक किती, खोल्या, पाणी, स्वच्छतागृहे यांची नोंद त्याखाली होते. परंतु ही झाली शाळेच्या देहाची मोजणी. मूल वाचते का, हे तीवरून कळत नाही. 1995 साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने 2005 पासून ‘असर’ ही पाहणी सुरू केली, ती याच प्रश्नासाठी. पाहणी करणारे खेड्यांतील घरोघरी जातात आणि मुलापुढे अक्षरे, शब्द, लहान परिच्छेद व गोष्ट ठेवतात. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली नाही. जे मूल वाचू शकत नाही, त्याला गणितातले उदाहरणही कळत नाही. पुढे एके दिवशी ते शाळा सोडते आणि आपण म्हणतो, त्याला गोडीच नव्हती!

मग एवढे आकडे असून सुधारणा का होत नाही? आमच्या मते कारण उघड आहे. आकडा शाळेतून केंद्राला, केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला चढत जातो. उलट पावली वर्गात क्वचितच उतरतो. शिक्षक माहिती भरून दमतो आणि तिच्यावर बोलणारा कोणी त्याला भेटत नाही.

कायद्याने याची सोय केलेली आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला. त्याच्या 21 व्या कलमाने विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि 22 व्या कलमाप्रमाणे तिने शाळेचा विकास आराखडा करावा, असे ठरले. अनुदानित शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते आहे. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत आराखडा तिच्याच हाती आहे. परंतु पुष्कळदा आराखडा म्हणजे भिंत, पंखे आणि रंग यांची यादी होऊन बसते.

समजा, चौथीच्या वर्गात तीस मुले आहेत. सरासरी काढली की अडलेली मुले तिच्यात दडून जातात. त्याऐवजी एका कागदावर तीसही नावे लिहावी आणि प्रत्येकापुढे वाचनाची पायरी व महिन्याची हजेरी मांडावी. नऊ मुले शब्दापाशीच अडलेली दिसतील. त्यांतल्या चौघी मुलींची हजेरी सकाळच्या तासांना कमी भरेल. का? मुख्याध्यापकाला हे ठाऊक नसेल. पण समितीत बसलेली कोळीवाड्यातली बाई चटकन सांगेल, की आई पहाटे मासळीला जाते आणि धाकटे भावंड मुलीच्या कडेवर असते. आता उपाय सुचतो: भावंडाची अंगणवाडीत सोय, आणि त्या नऊ मुलांसाठी रोज एक तास त्यांच्या पायरीचे वाचन. प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख लिहावी. सहा आठवड्यांनी त्याच मापाने पुन्हा मोजावे. न साधलेली गोष्ट केंद्रातील शिक्षण परिषदेत मांडावी, म्हणजे शेजारच्या शाळेचा अनुभव कामी येतो. तरीही जे सुटत नाही, उदाहरणार्थ शिक्षकाची रिकामी जागा, तेवढेच तालुक्याच्या व जिल्ह्याच्या आराखड्यात जावे.

एक सावधगिरी मात्र हवी. कमी आकडा दाखवला म्हणून शिक्षकाला बोल लावला, तर पुढच्या महिन्यात आकडा वाढेल आणि मूल होते तिथेच राहील. पाणी उथळ आहे असे सांगणाऱ्या खलाशालाच दटावले, तर तो उद्यापासून पाणी खोल आहे असे सांगू लागेल. होडी मात्र गाळात रुतायची ती रुतेलच. तसेच मुलांची नावे चव्हाट्यावर वाचू नयेत. तो कागद मदत करणाऱ्यांपुरताच असावा.

श्रोत्यांकडे आमचे मागणे थोडे आहे. आपल्या जवळच्या शाळेच्या समितीची सभा केव्हा आहे, हे विचारून घ्यावे. जे पालक असतील त्यांनी सभेत दोन प्रश्न करावेत: वाचता न येणारी मुले किती, आणि मागच्या सभेपासून त्यांतली किती वाचू लागली? या दोन प्रश्नांना उत्तर देण्याची सवय ज्या शाळेला लागेल, तिचा आराखडा कपाटात पडून राहणार नाही.